पोटातल्या जिवाणूंना जेवायला काय घालता?



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या साप्ताहिक बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले. मग मी सगळ्यांना एक साधा प्रश्न विचारला, "काल रात्री काय जेवला?" पहिल्या ताई म्हणाल्या, "भाकरी, वांग्याची भाजी, आमटी, भात." मी म्हटलं, "हे तुम्ही घरात केलं ते झालं. तुमच्या स्वतःच्या ताटात काय होतं?" ताई हसल्या. म्हणाल्या, "माझ्यापत्तूर भाजी उरली न्हवती. भात आन् आमटीचं पाणी. त्येवढ्यावर भागलं."

मग एकेकीला विचारत गेलो. दहा जणींपैकी सहा जणींचं उत्तर थोड्याफार फरकाने हेच. शेवटी आमच्या गटातल्या सर्वांत थोरल्या आजी म्हणाल्या, "आमाला काय गं, पोट भरलं म्हंजे झालं."

आजचा पाठ आजींच्या या वाक्यावर आहे. पोट भरलं म्हणजे झालं का? आपलं पोट भरतं, पण आपल्या पोटात आणखी कुणीतरी राहतं. त्यांचं जेवणही आपल्याच ताटातून जातं. ते उपाशी राहिले तर त्याचा त्रास आपल्यालाच होतो.

पोटात कोण राहतं?

दही लावताना आपण कोमट दुधात चमचाभर विरजण घालतो. सकाळी दही घट्ट होतं. हे काम कोण करतं? डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, म्हणजेच बॅक्टेरिया. असेच जिवाणू आपल्या आतड्यातही असतात. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे एका माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. आपल्या शरीरातल्या पेशींची संख्याही साधारण एवढीच आहे. इतके असूनही सगळ्यांचं मिळून वजन जेमतेम २०० ग्रॅम भरतं, पाव किलोलाही कमी.

यातले बहुतेक राहतात मोठ्या आतड्यात. आपण खाल्लेलं अन्न जठरातून आधी लहान आतड्यात जातं. ते साधारण २० फूट लांब असतं. तिथे भाताचा पिष्ट भाग, साखर, तेल, प्रथिनं पचतात आणि रक्तात जातात. जे तिथे पचत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात येतं. हे आतडं लांबीला साधारण ५ फूट. जिवाणूंची वस्ती इथे आहे, आणि पुढे आलेलं ते उरलेलं अन्न हेच त्यांचं जेवण.

म्हणजे बघा, घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्यावर जेवायचं हे जसं आपल्या वाट्याला येतं, तसंच पोटात या जिवाणूंच्या वाट्याला येतं. त्यांच्यासाठी काही उरेल असं जेवण आपण जेवलो तरच त्यांचं भागतं.

चोथा वाया जात नाही

ज्वारीचा कोंडा, हरभऱ्याचं साल, भाजीच्या शिरा, पेरूच्या बिया. याला आपण चोथा म्हणतो, पुस्तकात तंतुमय पदार्थ म्हणतात. माणसाच्या शरीराला तो पचवता येत नाही. त्यातला बराचसा भाग जिवाणू मात्र पचवतात. ते तो आंबवतात, आणि त्यातून काही उपयोगी आम्लं तयार होतात. त्यातलं एक महत्त्वाचं आम्ल म्हणजे ब्युटिरेट. आपल्या मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी बऱ्याच अंशी या ब्युटिरेटवरच जगतात. आपण जिवाणूंना चोथा द्यायचा, त्यांनी आतड्याच्या अस्तराला इंधन द्यायचं, असा हा व्यवहार आहे.

आणखीही कामं ते करतात. काही जीवनसत्त्वं तयार करतात. चांगल्या जिवाणूंनी जागा भरलेली असली की रोग करणाऱ्या जिवाणूंना बस्तान बसवायला जागा मिळत नाही. शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला योग्य वळण लावण्यातही त्यांचा वाटा आहे.

आता चोथाच पोचला नाही तर? आतड्याच्या आतल्या बाजूला एक बुळबुळीत थर असतो. तो आतड्याचं रक्षण करतो. २०१६ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की खाण्यातला चोथा बंद केल्यावर काही जिवाणू हा थरच खायला लागले. थर पातळ झाला आणि रोग करणाऱ्या जिवाणूला आतड्याला त्रास देणं सोपं गेलं. उंदराचं ते माणसाचं जसंच्या तसं होईल असं नाही, पण यातून शिकण्यासारखं आहे. भुकेलं जनावर दावणीचं वैरण संपलं की दावंच चघळायला लागतं, तसलाच हा प्रकार.

पुण्यात काय सापडलं?

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा बरीच वर्षं अभ्यास केला. २०१६ साली त्यांनी आपल्या लोकांच्या जिवाणूंची इतर देशांतल्या लोकांशी तुलना करून निष्कर्ष छापले. आपल्याकडच्या लोकांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या नावांचे जिवाणू जास्त आढळले. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की प्रिव्होटेला हा जिवाणू धान्य, कडधान्य, भाजीपाला जास्त खाणाऱ्या लोकांत जगभर जास्त सापडतो. पिढ्यान् पिढ्या भाकरी-आमटी खाल्ली, त्याची नोंद पोटात आहे.

पण ही नोंद कायमची नसते. २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यांतले २० लोक आणि अमेरिकेतले आफ्रिकी वंशाचे २० लोक घेतले. खेड्यातल्या लोकांचं जेवण मका, कडधान्य, भाज्यांचं. अमेरिकेतल्यांचं मांस, तेलकट आणि बिनचोथ्याचं. दोन आठवडे त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली. अमेरिकेतल्या लोकांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं, आतड्याची सूज कमी झाली. खेड्यातल्यांचं उलटं झालं. ब्युटिरेट घटलं आणि सूज वाढली. हा सगळा फरक दोन आठवड्यांत पडला.

यात भीती आहे तशी आशाही आहे. चहात बुडवलेल्या खारी-बटरवर आणि पांढऱ्या भातावर दिवस काढायची सवय लागली तर पोट लवकर बिघडतं. पण ताट सुधारलं तर सुधारणाही काही दिवसांतच सुरू होते, वय कितीही असो.

ताटाचा हिशोब

आपल्याला हिशोब लिहायची सवय आहे, म्हणून चोथ्याचाही हिशोब मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते छापले. त्यातले हे आकडे. प्रत्येक पदार्थ कच्चा, १०० ग्रॅम घेतला तर त्यात चोथा साधारण किती?

पांढरा तांदूळ – २.८ ग्रॅम
मैदा – २.८ ग्रॅम
ज्वारी – १०.२ ग्रॅम
नाचणी – ११.२ ग्रॅम
गव्हाचं न चाळलेलं पीठ – ११.४ ग्रॅम
बाजरी – ११.५ ग्रॅम
अख्खे मूग – १७ ग्रॅम
अख्खा हरभरा – २५.२ ग्रॅम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं, की मोठ्या माणसाने दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाजी व फळं खावीत.

आता दोन ताटं बघू. पहिलं ताट: दोन्ही वेळचा मिळून दीडशे ग्रॅम तांदळाचा भात, वर आमटीचं पाणी, सकाळी चहाबरोबर चार बिस्किटं. चोथा भरतो अंदाजे ६-७ ग्रॅम. दुसरं ताट: दिवसभरात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, एक वाटी मुगाची उसळ, एक वाटी भाजी आणि एक पेरू. चोथा भरतो २५ ग्रॅमच्या पुढे. दोन्ही ताटांनी पोट भरतं. पण पहिल्या ताटातून जिवाणूंपर्यंत फारसं काही पोचत नाही. आणि आमच्या बैठकीत दहापैकी सहा जणींचं ताट पहिलं होतं.

भात वाईट असं कुणी म्हणू नका. आजऱ्याच्या घनसाळची चव कुणाला नको? पण भाताच्या शेजारी भाकरी, उसळ, भाजी हवी. तांबडा-पांढरा रस्सा करता, खुशाल करा. मटणात चोथा अजिबात नसतो, म्हणून त्या दिवशी भाकरी आणि कच्चा कांदा ताटातून काढू नका. मिसळीतली मटकी जास्त घ्या, पाव कमी. आणि आपल्या कोल्हापूरच्या गुळाचा आपल्याला अभिमान आहेच, पण गूळ ही शेवटी साखरच. त्यातून जिवाणूंना जेवण मिळत नाही. पाहुण्याला गूळ-शेंगदाणे दिले तर त्यातले शेंगदाणे कामाचे.

पाव किलो हरभरा किंवा हुलगा विकत घ्यायला फार पैसे लागत नाहीत. परसबागेतला पोकळा, शेवग्याचा पाला, मेथी, घेवडा तर घरचाच. एकच भाजी रोज खाण्यापेक्षा आठवड्यात वेगवेगळी धान्यं, कडधान्यं, पालेभाज्या खा. जिवाणूंच्या जाती अनेक आहेत आणि प्रत्येकीचं आवडतं अन्न वेगळं आहे.

आंबील, ताक आणि दही

कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुका देवीची आंबील यात्रा तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहे. सौंदत्तीची यात्रा झाली की ही भरते. निवदात काय असतं आठवा: आंबील, भाकरी, वरणं-वांग्याची भाजी, मेथी, कांद्याची पात, गाजर, दहीभात. श्रद्धा ज्याची त्याची. पण आहाराच्या अंगाने बघितलं तर हे पुरं ताट आहे. त्यात धान्य आहे, शेंगभाजी आहे, पालेभाजी आहे, कच्चं काही आहे आणि आंबवलेलंही आहे. हे ताट वर्षातून एकदा देवीपुढे ठेवतो, ते एरवी आपल्यापुढेही यायला पाहिजे.

आंबवलेल्या पदार्थांचा अभ्यास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. दही आणि इतर आंबवलेले पदार्थ दहा आठवडे भरपूर खाणाऱ्या लोकांच्या पोटात जिवाणूंच्या जाती वाढल्या आणि अंगातल्या सुजेच्या खुणा कमी झाल्या. दह्यातले जिवाणू आपल्या पोटात कायमचे मुक्काम करत नाहीत, ते पाहुण्यासारखे येऊन जातात. म्हणून एकदा तांब्याभर ताक पिऊन महिनाभर विसरण्यापेक्षा रोज एक वाटी बरी.

आंबील करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. नाचणीचं चार चमचे पीठ पेलाभर पाण्यात किंवा ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन पेले पाणी उकळून त्यात हे मिश्रण घाला, गुठळी होऊ न देता हलवत शिजवा. शिजवताना आंबवणारे जिवाणू मरतात. तरी आंबवण्याचा फायदा राहतो, कारण नाचणीतलं लोह अंगाला लागायला मदत होते. मग आंबील गार झाल्यावर ताजं ताक, ठेचलेला लसूण, जिरं, चवीपुरतं मीठ घाला. ताक नंतर घातलं की त्यातले जिवाणू जिवंत पोटात जातात. उकळत्या आंबिलीत ताक ओतलं तर ते राहत नाहीत. कढीचंही तसंच आहे. चव छान, पण जिवंत जिवाणू हवे असतील तर साधं ताक.

लोणचं म्हणजे ताक नव्हे. आपल्या लोणच्यात मीठ आणि तेल भरपूर असतं. बीपी असेल तर फोडीपुरतंच खावं.

लेकरांचं पोट

बाळाच्या पोटात जिवाणूंची वस्ती जन्माच्या वेळेपासून बसायला लागते. आईच्या दुधात काही अशा शर्करा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कशाला आहेत? बाळाच्या पोटातल्या चांगल्या जिवाणूंसाठी. आईचं दूध एकाच वेळी बाळाला आणि जिवाणूंना जेवू घालतं. म्हणून पहिला चीक टाकून देऊ नका आणि सहा महिने फक्त आईचं दूध द्या. घुट्टी, गुळाचं पाणी नको. मध तर वर्षभर नको, त्याने लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

सहा महिन्यांनंतरचा काळ अवघड. बांगलादेशात ढाक्याच्या मीरपूर वस्तीत डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेतले डॉ. जेफ्री गॉर्डन यांनी कुपोषित मुलांच्या पोटातल्या जिवाणूंचा अभ्यास केला. या मुलांचे जिवाणू त्यांच्या वयाच्या निरोगी मुलांपेक्षा मागे पडलेले, जणू लहान बाळाचेच होते. मग त्यांनी हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्चं केळं यांपासून खास खाणं बनवलं. १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना ते तीन महिने दिलं. २०२१ साली निकाल आला. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा या खाण्यात उष्मांक कमी होते, तरी मुलांचं वजन जास्त वेगाने वाढलं, कारण त्यांच्या जिवाणूंची वाढही सुधारली.

हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा, केळं. यातलं काय आपल्या जिल्ह्यात पिकत नाही? सोयाबीन आपण पोत्याने विकतो आणि लेकराला दहा रुपयांचा पुडा घेऊन देतो. ढाक्याचं खाणं मोजून-तपासून बनवलेलं होतं, ते घरी जसंच्या तसं करायचा खटाटोप करू नका. पण त्यातला धडा घ्या. लेकराच्या खिमटात मऊ शिजवलेली डाळ, भाजून बारीक केलेल्या शेंगदाण्याचं कूट, कुस्करलेलं केळं येऊ द्या. सोयाबीन कच्चं कधी देऊ नका, चांगलं शिजवूनच द्या. अख्खे दाणे लहान मुलाच्या घशात अडकतात, तेही नको.

अंगणवाडीत वजन आणि दंडघेर नक्की मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल अतितीव्र कुपोषित असतं. तिथे घरचे उपाय करत बसायचं नाही, दवाखान्यातच न्यायचं.

गोळ्यांचा विचार करा

अँटिबायोटिक गोळी रोगाच्या जिवाणूबरोबर पोटातल्या चांगल्या जिवाणूंनाही मारते. गरज असेल तेव्हा ती जीव वाचवते, डॉक्टरांनी दिली तर सांगितली तशी पूर्ण घ्या. पण सर्दी-पडसं विषाणूमुळे होतं, त्यावर ती चालत नाही. मीही पूर्वी अंग कसकसलं की दुकानातून "ती लाल-पिवळी कॅप्सूल" मागायची. प्रत्येक वेळी नंतर चार दिवस पोट बिघडायचं, ते का हे मला फार उशिरा कळलं. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेणंही बंद करा. मुलाला जुलाब झाले तर पहिलं काम ओआरएसचं पाणी, आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या, १४ दिवस.

सुरुवात कशी करायची?

एकदम पातेलंभर उसळ खाल्ली तर पोट फुगेल आणि तुम्ही म्हणाल, "त्या पाठानंच माझं पोट बिघडवलं." म्हणून हळूहळू वाढवा. पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, मऊ शिजवा. पाणी भरपूर प्या. शौचातून रक्त पडणं, वजन आपोआप घटणं, महिनाभर पोट बिघडलेलं राहणं असं काही असेल तर आहाराच्या भरवशावर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

गटात करायचं काम

१. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने काल स्वतःच्या ताटात काय होतं ते सांगावं. घरात काय शिजलं ते सांगू नये.

२. पुड्यांचा हिशोब मांडा. दोन मुलांना रोज दहा-दहा रुपयांचा एक पुडा म्हणजे महिन्याला ६०० रुपये, वर्षाला ७,२०० रुपये. तुमच्या बाजारभावाने त्यात किती हरभरा, शेंगदाणे, केळी येतात ते वहीत लिहा.

३. महिनाभर एक नियम पाळून बघा. भाजी आणि उसळ वाढताना घरातल्या करणारणीची वाटी आधी काढून ठेवायची. पुरुषांनी आणि पोरांनीही हे समजून घ्यायचं.

तिसरा नियम सगळ्यांत अवघड, मला माहीत आहे. आमच्या गटात तो सुरू होऊन तीन आठवडे झाले. परवा थोरल्या आजींना विचारलं, काल काय जेवलात? आजी म्हणाल्या, "भाकरी, मटकी, ताक. सुनंनं आधीच काढून ठेवली हुती." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिची बी काढून ठेव म्हनलं तिला."